पंपाखालची माती

हॉलिवूडमध्ये हायलँड अव्हेन्यू आणि विलोबी अव्हेन्यू यांच्या कोपऱ्यावर गिल्मोर कंपनीने १९३५ साली एक पेट्रोल पंप बांधला. जागा लहान, इमारत त्याहूनही लहान. पण छत असं ऐटीत पुढे झेपावलेलं, की चौकात शिरणाऱ्या मोटारवाल्याची नजर आधी तिथेच जावी. तो आर्ट डेकोचा जमाना होता. मुंबईत मरीन ड्राइव्हच्या इमारती उभ्या राहत होत्या, त्याच सुमाराचा. पुढे या पंपावरच्या पाट्या बदलत गेल्या. १९९१ च्या ‘एल. ए. स्टोरी’ या चित्रपटात तो दिसला, १९९२ साली लॉस एंजेलिस शहराने त्याला ऐतिहासिक वास्तूचा दर्जा दिला. तरी त्याच दशकात तो बंद पडला आणि पुढची कितीतरी वर्षं ओस पडून राहिला. २०१५ साली तिथे स्टारबक्सचं कॉफीचं दुकान सुरू झालं.

या गिल्मोर घराण्याची गोष्टही ऐकण्यासारखी आहे. आर्थर गिल्मोर हा मूळचा दुग्धव्यवसायवाला. गाईगुरं वाढली, पाणी पुरेना, म्हणून विसाव्या शतकाच्या सुरुवातीला त्याने गोठ्याच्या जमिनीत विहिरीसाठी खोदाई केली, आणि पाण्याऐवजी लागलं तेल. गाई गेल्या, तेलाच्या विहिरी आल्या. मुलाने, अर्ल गिल्मोरने, त्यातून पेट्रोलचा मोठा व्यवसाय उभा केला. लाल सिंह हे त्याचं चिन्ह. थर्ड स्ट्रीट आणि फेअरफॅक्स अव्हेन्यूच्या कोपऱ्यावर याच घराण्याच्या जमिनीवर १९३४ साली शेतकऱ्यांचा बाजार भरू लागला. ते फार्मर्स मार्केट आजही चालू आहे. म्हणजे गोठ्याची तेलविहीर झाली, तेलविहिरीचा बाजार झाला. एका जमिनीने एका माणसाच्या आयुष्याएवढ्या काळात तीन धंदे पाहिले. हॉलिवूडच्या पंपावर कॉफी विकली जाऊ लागली तेव्हा नाक मुरडणाऱ्यांना मला याची आठवण करून द्यावीशी वाटते.

नाक मुरडणारे बरेच होते आणि त्यांचं म्हणणं मी सोडून देणार नाही. जपलेली वास्तू अखेर एका कॉफीच्या साखळीच्या पदरात पडावी, जिथे तिथे दिसणारी तीच हिरवी पाटी इथेही लागावी, हे अनेकांना खटकलं. वारसा म्हटला की संग्रहालय हवं, निदान माहिती केंद्र तरी हवं, अशी आपली समजूत असते. मला मात्र बंद पंपांवरच्या इतक्या वर्षांच्या कामानंतर उलटंच वाटतं. पेट्रोल पंप हे जन्मापासून दुकान आहे. वाटसरूने दोन मिनिटं थांबावं, काहीतरी विकत घ्यावं आणि पुढे जावं, एवढ्यासाठीच ती इमारत बांधलेली असते. तिचं छत, तिच्या मोठ्या काचा, तिचं कोपऱ्यावर असणं, रात्री झगमगणं हे सगळं त्या दोन मिनिटांसाठी असतं. अशी इमारत दोरी लावून शांत करून ठेवली, तर तिचा आकार उरतो आणि तिचं चालणं थांबतं.

मुळापासून पाहिलं तर हे जास्त पटतं. १८८८ साली बेर्था बेंझ नवऱ्याने बनवलेली मोटार घेऊन मानहाइमहून माहेरी निघाली, तेव्हा वाटेत वीसलॉख गावात तिने इंधन घेतलं ते औषधाच्या दुकानातून. डाग काढायला वापरतात तो द्रव बाटल्यांतून मिळत असे, तोच तिने गाडीत ओतला. ते औषधाचं दुकान जगातला पहिला पेट्रोल पंप म्हणून मिरवतं. अमेरिकेतही सुरुवातीला पेट्रोल किराणा दुकानात, लोहाराकडे, घोड्यांच्या तबेल्यात मिळायचं. मोटार आत वळवून इंधन भरता यावं म्हणून खास बांधलेला पंप गल्फ कंपनीने पिट्सबर्गला १ डिसेंबर १९१३ रोजी उघडला, आणि पहिल्या दिवशी तिथे फक्त ३० गॅलन पेट्रोल खपलं. नंतरच्या दोन दशकांत मात्र पंपांचं पीक आलं. आपल्या टुमदार वस्तीत हे काय तेलकट खोपट, अशी तक्रार शेजाऱ्यांनी केली, तर ‘प्युअर ऑइल’ने उंच उतरत्या निळ्या छपरांचे, धुराडं असलेले, इंग्लंडच्या खेड्यातल्या घरासारखे पंप बांधले. मिलवॉकीच्या वॉडम्स कंपनीने पॅगोड्याच्या छपराचे बांधले. उत्तर कॅरोलिनातल्या विन्स्टन-सेलम गावी शेल कंपनीचं पेट्रोल विकणाऱ्याने १९३० च्या सुमाराला चक्क शिंपल्याच्या आकाराचा पंप बांधला, तो अजून उभा आहे. मंदीच्या काळात वॉल्टर डॉर्विन टीग या रचनाकाराने टेक्साको कंपनीसाठी पांढऱ्या, सपाट छताच्या, हिरव्या पट्ट्या नि लाल तारे लावलेल्या इमारतीचा साचा केला. साचा एक आणि पंप हजारो. दुकान ओळखू यावं, विश्वास वाटावा, ग्राहकाने वळावं: एवढाच हेतू. त्या हेतूतून नकळत चांगलं वास्तुशिल्प जन्माला आलं.

आता माझ्या कामाविषयी सांगते. मी दक्षिण कॅलिफोर्नियात राहते. बंद पडलेल्या पंपांखालची माती तपासणं आणि ती साफ करून घेणं हा माझा व्यवसाय. वास्तुविशारद छताकडे बघत येतो, मी फरशीकडे बघत येते. पुढे तिथे बेकरी होवो की सायकलचं दुकान, आधी टाक्या निघाव्या लागतात.

टाकी काढण्याचा दिवस ज्याने पाहिला आहे त्याला पंप पुन्हा पहिल्यासारखा दिसत नाही. आदल्या दिवसापर्यंत उरलंसुरलं पेट्रोल उपसून घेतलेलं असतं. तरी रिकामी टाकी भरलेल्या टाकीपेक्षा धोक्याची, कारण आत वाफ असते. मग कोरड्या बर्फाचे तुकडे टाकीच्या तोंडातून आत सोडतात. त्याचा कार्बन डायऑक्साइड होतो आणि तो आतला प्राणवायू बाहेर ढकलतो. अग्निशमन खात्याचा निरीक्षक नळीतून आतली हवा मापकात घेतो, आकडा बघतो, मान हलवतो, आणि मगच पोकलेन काँक्रीट फोडायला घेतं. खाली वाळू किंवा बारीक खडी लागते. माणसं फावड्याने टाकीच्या कडा मोकळ्या करतात. क्रेनच्या साखळ्या कानांत अडकवतात. टाकी वर येते तेव्हा सगळे जण थोडे मागे सरकतात. हवेत हळूहळू फिरणारा तो गंजका लोखंडी पिंप, त्याच्या पोटाला चिकटलेली ओली माती, आणि त्या मातीतून दिसणारी भोकं. काही सुईच्या टोकाएवढी असतात, काहींतून अंगठा जाईल.

माझं काम तिथून सुरू होतं. मी खड्ड्यात बघते. निरोगी माती तपकिरी असते, तिथली आपली ओळखीची. पेट्रोल मुरलेली माती राखाडी-हिरवट पडते. पोकलेनच्या बकेटमधून वर आलेल्या ढेकळाचा वास नाकाला आपणहून कळतो. मुद्दाम हुंगायचा नसतो, कारण त्यात बेंझीन असतं आणि बेंझीनने रक्ताचा कर्करोग होतो. टाकीच्या दोन्ही टोकांखालची, पंपाच्या यंत्रांखालची, नळांच्या जोडांखालची माती आम्ही काचेच्या बाटल्यांत भरून, बर्फाच्या पेटीत ठेवून प्रयोगशाळेकडे पाठवतो. १९३५ च्या पंपाखाली शिशाचीही तपासणी करावी लागते, कारण त्या काळी पेट्रोलमध्ये शिसं घालत. त्या बाटल्यांवरच्या चिठ्ठ्या लिहिताना मला वाटतं, या जागेचा खरा इतिहास इथे आहे. वर जे दिसतं ते कंपनीला दाखवायचं होतं. खाली आहे ते कोणी दाखवणार नव्हतं.

हे सगळं करायची सक्ती आली ती फार उशिरा. अमेरिकेच्या काँग्रेसने जमिनीखालच्या टाक्यांसाठी कायदा केला १९८४ साली. त्याचे नियम १९८८ ला आले. जुन्या साध्या लोखंडी टाक्यांना गंजापासून संरक्षण द्या, गळती कळण्याची सोय करा, नाहीतर त्या बंद करा; मुदत २२ डिसेंबर १९९८. मोठ्या कंपन्यांनी टाक्या बदलल्या. गावच्या वळणावरचा, एका कुटुंबाने चालवलेला पंप कुठून पैसे आणणार? महामार्गांनी जुन्या रस्त्यांवरची गिऱ्हाइकं आधीच पळवली होती, १९७३ च्या तेलटंचाईने कंबर मोडली होती, या मुदतीने उरलेले निजवले. तेव्हापासून आजवर त्या देशात पाच लाखांहून जास्त ठिकाणी टाक्यांची गळती नोंदली गेली आहे. हा कायदा कठोर होता असं म्हणणारे माझ्या ओळखीचे आहेत. मी त्यांच्याशी सहमत नाही. त्या पंपांशेजारी विहिरी होत्या आणि लोक त्या विहिरींचं पाणी पीत होते.

माती किती बिघडली आहे त्यावर पुढचं ठरतं. थोडी असेल तर खणून, गाडीत भरून, परवाना असलेल्या ठिकाणी न्यायची. खोल गेली असेल तर जमिनीत छिद्रित नळ्या उतरवून पंख्याने वाफ खेचून घ्यायची, ती कोळशाच्या गाळणीतून सोडायची. भूजलाला लागली असेल तर निरीक्षण विहिरी खोदून वर्षानुवर्षं नमुने घेत राहायचे. कॅलिफोर्नियाने टाकीत साठणाऱ्या प्रत्येक गॅलनमागे मालकांकडून शुल्क घेऊन १९८९ च्या कायद्याने यासाठी निधी उभा केला, म्हणून कितीतरी जागा मार्गी लागल्या. तरीही बेकरी काढायला निघालेल्या तरुण जोडप्याला मातीचा अहवाल मिळेपर्यंत बँक दारात उभं करत नाही. कितीतरी हौशी माणसं इथेच गळतात. जी टिकतात त्यांना नव्या फरशीखाली वाफ अडवणारा जाड पडदा घालावा लागतो. ग्राहक त्यावर उभा राहून पाव विकत घेतो आणि त्याला काही कळत नाही. ते तसंच असायला हवं.

जमीन स्वच्छ झाली की वरच्या इमारतीचा प्रश्न येतो. अमेरिकेच्या नॅशनल पार्क सर्व्हिसने २००८ साली जुन्या पंपांच्या जतनावर आणि पुनर्वापरावर एक मार्गदर्शिका काढली, चॅड रँडल यांनी लिहिलेली, त्या मालिकेतली ४६ वी. सरकारने पंपासारख्या गोष्टीचा इतक्या बारकाईने विचार केलेला पाहून मला पहिल्यांदा वाचताना भरून आलं होतं. चिनीमातीसारखा चकाकणारा पांढरा पत्रा म्हणजे लोखंडावर भाजून बसवलेली काच असते. त्यावर रंग मारू नये, टवका उडाला तर लगेच बुजवावा, नाहीतर गंज आतून पसरतो. गाडी दुरुस्तीच्या खणांचे वर सरकणारे काचेचे दरवाजे काढून तिथे भिंत बांधू नये. आणि सगळ्यात महत्त्वाचं, छताखालची मोकळी जागा भिंती घालून बंद करू नये.

या शेवटच्या गोष्टीवरून माझे अनेकांशी वाद झाले आहेत. नव्या मालकाला ते छत म्हणजे फुकटची जागा वाटते: तीन बाजूंनी काचा लावल्या की आणखी टेबलं बसतील. हिशेब बरोबर असतो. पण छताखालचा तो रिकामा चौकोनच पंपाचा आत्मा आहे. रस्ता आणि दुकान यांच्यामधला तो ओटा आहे, वाड्याच्या ओटीसारखा, ना पुरता घरातला ना पुरता रस्त्यावरचा. तो बंद केला की उरते ती एक ठेंगणी इमारत, जी कशाचीही असू शकते. तिथे बाहेर खुर्च्या टाकाव्यात, भाजीचा ठेला लावावा, सायकली ठेवाव्यात. मोकळं असेपर्यंत काहीही शोभतं.

हॉलिवूडच्या त्या कोपऱ्यावर ही जाण दाखवली गेली आहे. मोटारवाल्यांसाठी खिडकी आहे, पायी येणाऱ्यांसाठी वेगळी खिडकी आहे, आणि मोटारी पुन्हा त्या कोपऱ्यावर वळू लागल्या आहेत. आई पुण्याहून आली होती तेव्हा मी तिला तिथे घेऊन गेले. काहीच सांगितलं नव्हतं. गाडीतून उतरता उतरता ती म्हणाली, “अगं, कॉफी कुठली पाजतेस, हा तर पंप आहे!” मी म्हटलं, “होता, आई. आता नाही.” ती छताकडे बघत राहिली आणि म्हणाली, “असू दे. बसायला बरं आहे.” जतनाच्या कामाला याहून मोठी पावती मला माहीत नाही. पेट्रोल जाऊन कितीतरी वर्षं झाली तरी दुसऱ्या देशातून आलेल्या म्हातारीला तो पंप म्हणून ओळखू आला, आणि तरीही तिथे बसावंसं वाटलं.

अमेरिकेच्या करविषयक कायद्यातही एक तरतूद आहे, जी माझ्या मताला बळ देते. राष्ट्रीय यादीतल्या ऐतिहासिक वास्तूचं नियमांनुसार पुनर्वसन केलं तर पात्र खर्चाच्या २० टक्के इतकी करसवलत केंद्र सरकार देतं. मात्र ती वास्तू उत्पन्न देणारी असली पाहिजे. दुकान, कचेरी, भाड्याची घरं चालतात. स्वतःच्या राहत्या घराला ती मिळत नाही. म्हणजे जुन्या इमारतीने कमावत राहावं हे या व्यवस्थेने मान्य केलेलं आहे. लहान पंपाला तर तेच तारतं. एवढ्याशा इमारतीचं संग्रहालय चालवायला कोणत्या नगरपालिकेकडे दर वर्षी पैसे असतात?

धंदा सोडूनही काही पंप चांगले जगले, हे मान्य करायला हवं. पाम स्प्रिंग्जच्या वाटेवर आल्बर्ट फ्राय आणि रॉबसन चेंबर्स यांनी १९६५ साली बांधलेला, पतंगासारखं छत आभाळात फेकलेला पंप पाडला जाणार होता. आता ते शहराचं पर्यटक केंद्र आहे. लंडनमध्ये क्लार्कनवेल रोडवरच्या ओस पंपाच्या छताखाली २०१० च्या उन्हाळ्यात ‘असेंबल’ या तरुणांच्या गटाने पडदे लावून चित्रपटगृह थाटलं होतं. पण माझ्या मनात घर केलेला पंप माँट्रिअलजवळच्या नन्स आयलंडवरचा आहे. मीस व्हान डेर रोह या थोर वास्तुविशारदाने एसो कंपनीसाठी केलेली ही रचना १९६९ ला पूर्ण झाली, आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये मीस गेला. काळ्या पोलादाचं एक लांबच लांब सपाट छत, त्याखाली काचेच्या दोन खोल्या, मधे पंप. २००८ ला तो बंद पडला. पुढच्या वर्षी शहराने त्याला वारशाचा दर्जा दिला आणि नंतर एरिक गोतिए यांच्या संस्थेने त्याचं तरुण आणि वृद्ध यांच्यासाठी एकत्र केंद्र केलं. पेट्रोल जिथून यायचं त्या जमिनीतूनच आता इमारतीला ऊब मिळते, खोल भूऔष्णिक विहिरींतून. आणि जिथे पंपाची यंत्रं उभी होती तिथे त्यांच्याच बांध्याच्या पोलादी पेट्या उभ्या आहेत. इमारतीची हवा त्यांतून आत-बाहेर जाते. जमिनीखालचं आणि जमिनीवरचं काम एकाच विचाराने केलेलं मी दुसरीकडे क्वचितच पाहिलं आहे.

आपल्याकडे ही वेळ यायची आहे, आणि ती फार लांब नाही. विजेवरच्या गाड्या वाढत चालल्या आहेत, शहरांतल्या मोक्याच्या कोपऱ्यांची किंमत तिथे विकल्या जाणाऱ्या पेट्रोलच्या किती पट झाली आहे हे सगळ्यांना दिसतं, आणि पुष्कळ पंपांची जागा भाडेपट्ट्याची आहे. मुंबईच्या आर्ट डेको इमारतींना २०१८ साली जागतिक वारशाचा मान मिळाला याचा आपल्याला अभिमान आहे. त्याच काळच्या, त्याच वळणाच्या पंपांकडे कोणी बघत नाही. बर्मा-शेल १९७६ ला सरकारी झाली, पुढे भारत पेट्रोलियम झाली. त्या आधीच्या काळातलं एखादं छत, एखादी काँक्रीटची कमान तालुक्याच्या गावी कुठेतरी अजून तग धरून असेल. दिसली तर तिचा फोटो काढा, जुन्या मालकांना बांधल्याचं साल विचारा, गावातल्या इतिहासाची आवड असलेल्या कोणाला तरी दाखवा. तिथे चहाचं दुकान निघालं तर त्याला नाक मुरडू नका. जाऊन चहा प्या.

दुसरी विनंती माझ्या व्यवसायातली आहे, आणि ती मला जास्त महत्त्वाची वाटते. दूषित जागांच्या व्यवस्थापनाचे नियम केंद्र सरकारने २०२५ साली जारी केले. नियम आले म्हणून खड्ड्यातली माती आपोआप तपासली जात नाही. कोणीतरी मागावं लागतं. पंप पाडून झालेल्या इमारतीत घर किंवा गाळा घेणार असाल, तर सही करण्याआधी बिल्डरला तीन गोष्टी विचारा: टाक्या नेमक्या कुठे होत्या, त्या कधी काढल्या, आणि खालच्या मातीचा प्रयोगशाळेतला अहवाल कुठे आहे. अहवालाची प्रत हातात आल्याशिवाय पैसे देऊ नका.